नगरपरिषदेचा नकाशा आणि नगरपरिषदेचा खजिना



चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा विषय निघाला की चर्चा जंगल, कोळसा, बांबू, तेंदूपत्ता आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज यांभोवती फिरते. ते स्वाभाविक आहे. परंतु या जंगलाच्या मधोमध गावांची शहरे होत आहेत, आणि त्या शहरांत जमिनीचा व पैशाचा निर्णय कोण करतो, हा प्रश्न कार्यकर्त्यांच्या अभ्यासात क्वचितच येतो. ग्रामसभेचा अधिकार कोणता, हे समाजवादी कार्यकर्ता झोपेतही सांगू शकेल. नगरपरिषदेचा विकास आराखडा कोठे पाहावयास मिळतो, हे विचारले तर मात्र तो गप्प बसेल. ही उणीव भरून काढणे आता निकडीचे झाले आहे.

निकडीचे अशासाठी की, या भागाचे नागरीकरण पाहता पाहता घडले आहे. चंद्रपूरची नगरपालिका १८६७ ची. २०११ च्या ऑक्टोबरात तिची महानगरपालिका झाली. त्या वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजारांवर होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तालुक्याचे एक गाव जिल्ह्याचे ठिकाण बनले. त्याची लोकसंख्या २०११ साली ५४ हजारांच्या घरात पोहोचली होती. त्यानंतर २०१५ मध्ये राज्यभरातील तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर झाले. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, धानोरा, कुरखेडा, कोरची ही गावे अशा रीतीने कागदोपत्री शहरे झाली. जेथे काल ग्रामसभा भरत होती, तेथे आज नगरसेवक बसतात.

नगरपालिकेचे राजकारण दोन कागदांत साठवलेले असते. एक नकाशा आणि दुसरा अर्थसंकल्प. नकाशा जमिनीचे भवितव्य ठरवतो, अर्थसंकल्प पैशाचे. बाकी सारे, म्हणजे सभांतील खडाजंगी, स्वागतकमानी, उद्घाटनाच्या कोनशिला, हा या दोन कागदांचा केवळ बाह्य देखावा होय.

नकाशा संपत्ती कशी निर्माण करतो

विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याने दिलेला आहे. आराखड्यात पिवळा रंग निवासी वस्तीचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा आणि हिरवा शेतीचा. त्यावर शाळा, क्रीडांगण, बाजार, दवाखाना, रस्ता यांची आरक्षणे पडतात. दिसावयास हे रंगकाम निरुपद्रवी आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मात्र तो संपत्तीच्या वाटपाचा प्रचंड व्यवहार असतो. शेजारी शेजारी दोन शेते आहेत असे समजा. माती एक, पाणी एक, रस्त्यापासूनचे अंतर एक. आराखड्यात एक पिवळ्यात गेले, दुसरे हिरव्यातच राहिले. पहिल्याची किंमत रातोरात अनेक पटींनी वाढते. धन्याने नांगर उचललेला नाही, वीट रचलेली नाही. ही वाढ समाजाच्या वस्तीमुळे, सार्वजनिक रस्त्यामुळे, पाण्याच्या नळामुळे झालेली आहे. अर्थशास्त्रात तिला अनर्जित वाढ म्हणतात. हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये आपल्या ग्रंथात नेमका हाच प्रश्न विचारला होता की, जी वाढ समाजाने निर्माण केली ती एकट्या जमीनमालकाच्या खिशात का जावी?

आपल्याकडील कायद्याला हा प्रश्न अगदीच अपरिचित आहे असे नाही. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापासून सुधार-अंशदानाची कल्पना चालत आलेली आहे. १९६६ च्या कायद्यातही नगररचना योजना राबवल्यास जमिनीच्या वाढीव किमतीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा मालकाकडून घेता येतो. पण त्यासाठी आराखड्यापुढे जाऊन प्रत्यक्ष योजना आखावी लागते, मालकांना एकत्र आणावे लागते, मोजणी करावी लागते. छोट्या नगरपरिषदेकडे तेवढे नगररचनाकार नाहीत आणि तेवढी इच्छाही नाही. सभागृहात जमिनीच्या व्यवहारात गुंतलेल्यांचा जोर असेल, तर ती इच्छा निर्माण तरी कोठून व्हावी? म्हणून रंग बदलला जातो, किंमत वाढते आणि समाजाचा हिस्सा कोणी मागत नाही.

याला उपाय म्हणून कायद्याने नागरिकाला एक लहानशी खिडकी उघडी ठेवली आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. हरकती ऐकण्यासाठी जी समिती असते तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. एरवी असा आराखडा २० वर्षांतून एकदा सुधारावयाचा असतो. म्हणजे एका पिढीच्या जमिनीचे भवितव्य ठरवण्यासाठी सामान्य माणसाला महिनाभराची मुदत मिळते. या महिन्याभरात ज्याला सातबारा वाचता येतो, ज्याचा वकील नागपुरात आहे, तो हरकत घेतो. ज्याची झोपडी नझुलाच्या जागेवर आहे, त्याला नकाशा लागला आहे हेच ठाऊक नसते.

खजिना कोणाच्या हाती

आता दुसरा कागद. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ यानुसार दरवर्षी अर्थसंकल्प तयार होऊन तो सभागृहापुढे यावा लागतो. वृत्तपत्रांत बातमी येते की अमुक नगरपरिषदेचा अमुक कोटींचा शिलकी अर्थसंकल्प मंजूर. वाचक सुखावतो. परंतु या कोटींची फोड केली म्हणजे त्यातील फार मोठा भाग शासनाच्या अनुदानांचा असतो आणि त्या अनुदानांवर खर्चाचे नाव आधीच लिहिलेले असते, असे आढळते.

याचा इतिहास ध्यानात घ्यावा लागेल. नगरपालिकेचा सर्वांत मोठा स्वतःचा कर जकात हा होता. तो चांगला कर होता असे कोणी म्हणणार नाही. नाक्यावरची लाचलुचपत आणि गरिबाच्या धान्यावरचा भार हे त्याचे दोष सर्वांना ठाऊक होते. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. चंद्रपूरने महानगरपालिका झाल्यावर काही काळ स्थानिक संस्था कर वसूल केला. २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात सर्व विलीन झाले. प्रत्येक वेळी वाईट कर गेला हे खरे. पण प्रत्येक वेळी त्याबरोबर स्वतःच्या उत्पन्नावरचा अधिकारही गेला आणि त्याच्या बदल्यात मुंबईकडून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहणे आले. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे एवढेच काय ते हाती उरले. त्यातही मालमत्ता कराची फेरआकारणी वेळेवर करण्याचे धैर्य थोड्याच सभागृहांना होते, कारण मोठ्या इमारतींचे मालक आणि सभागृहातील वजनदार माणसे यांच्यात अंतर फारसे नसते.

उरलेल्या पैशावरही खुणा असतात. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना जे अनुदान दिले त्यातील ६० टक्के पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बांधलेले होते. हे प्राधान्य चुकीचे होते असे नाही, पण ते दिल्लीत ठरले. राज्याच्या नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या योजनांत कोणते काम मंजूर व्हावे हे पुष्कळदा आमदार आणि पालकमंत्री यांच्या शिफारशीवर ठरते. मग नगरपरिषद म्हणजे वरून आलेला पैसा जमा करून घेणारी आणि कंत्राटदाराला देणारी एक खिडकी बनते. अशा स्थितीत नगरसेवकाचा पराक्रम एकाच गोष्टीत उरतो. आपल्या प्रभागात सिमेंटचा रस्ता किती मीटर आला, ही ती गोष्ट.

डॉ. राममनोहर लोहियांनी १९५० मध्ये चौखंभा राज्याची कल्पना मांडली तेव्हा सत्तेच्या विकेंद्रीकरणाबरोबर पैशाच्या विकेंद्रीकरणाचाही आग्रह धरला होता. शासकीय व योजनेच्या खर्चाचा चौथा हिस्सा गाव, जिल्हा व शहर यांच्या पंचायतींमार्फत व्हावा, असा तो आग्रह होता. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना बाराव्या अनुसूचीतील १८ विषय दाखवले आणि त्यात नगररचना हा विषय पहिलाच आहे. तथापि विषय दाखवणे वेगळे आणि त्यासाठी खजिना देणे वेगळे. खांब उभा केला, पण त्यावर भार पेलण्याइतका चुना घातला नाही, असा हा प्रकार झाला.

दोन कागदांतील दरी

खरी मेख अशी की, नकाशा करणारे आणि अर्थसंकल्प करणारे यांचा एकमेकांशी संबंध नसतो. आराखड्यात शाळेसाठी, बागेसाठी, बाजारासाठी आरक्षणे मोठ्या हौसेने टाकली जातात. त्या जागा घेण्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद मात्र नसते. याचा परिणाम १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ मध्ये लिहून ठेवलेला आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन केली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते.

एका उदाहरणाने हिशेब करून पाहू शकतो. समजा, क्रीडांगणासाठी एक एकर जागा राखीव आहे आणि तिचा बाजारभाव ८० लाख रुपये आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात बाजारभावावर तेवढेच दिलासा-मूल्य द्यावे लागते. म्हणजे १ कोटी ६० लाख झाले. हा पैसा बांधलेल्या अनुदानातून देता येत नाही आणि स्वतःच्या उत्पन्नातून पगार व दिवाबत्ती भागवताना दमछाक होते. पैशाऐवजी विकास हक्क द्यावेत, असा मोठ्या शहरांतला तोडगा सांगितला जातो. परंतु जेथे गावाबाहेर मोकळी जमीन स्वस्तात मिळते, तेथे वाढीव मजले बांधण्याचा हक्क विकत घेणार कोण? पुण्यात चालणारे हे नाणे गडचिरोलीच्या बाजारात वटत नाही.

म्हणून क्रीडांगण जाते, मालकाला भूखंड मोकळा मिळतो आणि प्रभागातील मुले रस्त्यावर खेळतात. यात कोणी कोणता ठराव मोडला नाही, कोणी लाच घेतली असे सिद्ध करता येत नाही. नुसते गप्प बसून सार्वजनिक मालमत्ता खासगी होऊ शकते, हे या कलमाने दाखवून दिले आहे. नोटीस कधी आली, तिच्यावर काय टिपणी झाली, मुदत कधी संपली, या तीन तारखा मागितल्या की सभागृहातील मौनाची किंमत कळते.

जंगलातल्या शहराचे वेगळे प्रश्न

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबई व काही क्षेत्रे वगळून सर्वत्र एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. नियमांत एकसूत्रता आली, हा लाभ मान्य केला पाहिजे. पण पुणे आणि भामरागड यांना एकच पुस्तक लावले म्हणून त्यांची भूमी एक होत नाही. येथील भूमीच्या वर, खाली आणि सभोवती असे काही आहे की, जे त्या पुस्तकात मावत नाही.

पहिले भूमीच्या वरचे पाणी. नदीकाठी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. तरीही चंद्रपुरात इरई आणि झरपट यांच्या काठी वस्ती वाढत गेली. २०२२ च्या पावसाळ्यात इरई धरणाची दारे उघडल्यावर रहमतनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. ही माणसे हौसेने पूररेषेत राहावयास गेली नाहीत. शहरातील सुरक्षित पिवळी जमीन त्यांच्या आवाक्याबाहेर होती आणि गरिबांच्या घरांसाठी जागा राखण्याचे काम नकाशाने केले नव्हते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची बाजारपेठ पाण्याखाली जाते, तीही याच प्रश्नाची लहान आवृत्ती होय.

दुसरे भूमीच्या खालचे. घुग्घुस हे कोळशाचे गाव २०२० च्या अखेरीस नगरपरिषद झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील अमराई प्रभागात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले आणि आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावे लागले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. वरचा नकाशा नगरपरिषदेचा, खालचा नकाशा कोळसा कंपनीचा, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहण्याची सक्ती कोणावरही नाही. घरपट्टी घेणारी संस्था त्या घराखाली काय आहे हे सांगू शकत नसेल, तर तिच्या परवानगीला अर्थ काय उरतो?

तिसरे सभोवतालचे. पूर्व विदर्भात झुडपी जंगल या नावाने नोंद असलेल्या जमिनींवर कचेऱ्या, शाळा, घरे, स्मशाने पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच होत, असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागा नियमित करण्याचा मार्गही त्याने मोकळा ठेवला आणि त्यानंतरच्या वाटपांची चौकशी सांगितली. आता प्रश्न पुराव्याचा आहे. कचेरीकडे वाटपाचा हुकूम असतो. झोपडीवाल्याकडे फार तर घरपट्टीची पावती असते. यादी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे कार्यकर्ता उभा राहिला नाही, तर सरकारी इमारती वाचतील आणि गरिबांची घरे अतिक्रमण ठरतील.

अनुसूचित क्षेत्रातील नगरपंचायत

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र संविधानाचा आहे. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, धानोरा, कुरखेडा हा मुलूख पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्र आहे. नगरपालिकांविषयीचा संविधानाचा नववा-क भाग अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, असे अनुच्छेद २४३-यग स्पष्ट सांगतो. तो लागू करावयाचा झाल्यास संसदेने कायदा करावा लागतो. पंचायतींसाठी संसदेने असा कायदा १९९६ मध्ये केला, तोच पेसा. भुरिया समितीने नागरी क्षेत्राचाही विचार केला होता आणि २००१ मध्ये नगरपालिकांसाठीचे विधेयक राज्यसभेत मांडलेही गेले. पण त्याचा कायदा झाला नाही.

राज्यपालांनी वगळलेला नाही तोवर राज्याचा १९६५ चा कायदा तेथे चालतो, असा युक्तिवाद करता येईल. तो कायदेशीर असला तरी न्याय्य नाही. कारण ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताच पेसाखालील ग्रामसभा संपते. जमीन संपादनापूर्वी विचारविनिमयाचा, गौण वनोपजाचा, गावाच्या साधनसंपत्तीचा जो अधिकार होता, तो कोणत्याही चर्चेविना निघून जातो. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी जो २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला, त्यालाही ते गाव मुकते. याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून आपल्या गावात आपणच सरकार कसे असते ते देशाला दाखवले. आणि तालुक्याच्या मुख्य गावात मात्र लोकांच्या हातून सभाच काढून घेतली गेली. त्यातच सुरजागडची खाण २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर चालू झाल्यावर त्या रस्त्यांवरील जमिनींना मागणी आली. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते. परंतु पिवळा रंग चढला की ते कलम वळसा घालून ओलांडण्याचा मोह किती वाढतो, हे वेगळे सांगावयास नको.

सभागृहाविना कारभार

याच्या भरीला चार वर्षांचा अनुभव आहे. २०२२ पासून राज्यातील बहुतेक नगरपरिषदा व महानगरपालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. चंद्रपूर व गडचिरोली येथेही प्रशासक आले. अर्थसंकल्प मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, ठेका देणारा तोच आणि देखरेख ठेवणाराही तोच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुकांचा आदेश द्यावा लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचे मतदान झाले. या काळात शहरे कोसळली नाहीत, म्हणून काही लोक विचारतात की सभागृह हवेच कशाला? हा प्रश्न धोक्याचा आहे. सभागृह नुसते टक्केवारीचे ठिकाण झाले म्हणूनच लोकांना त्याचा वियोग जाणवला नाही. त्यावरचे औषध सभागृह बंद ठेवणे हे नसून त्यात खरी चर्चा आणणे हे आहे.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

हे सर्व कायदे बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक शहर शाखेने विकास आराखड्याची प्रत मिळवून आपल्या प्रभागाचा भाग मोठ्या आकारात काढून चौकात लावावा. आरक्षणांची यादी करावी व प्रत्येकापुढे दहा वर्षे कधी संपतात ती तारीख लिहावी. जानेवारीत, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी, मोहल्ल्यात सभा घेऊन तीन प्रश्न विचारावेत. स्वतःचे उत्पन्न किती? त्यातून राखीव जागांसाठी किती ठेवले? महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावयाचा पाच-पाच टक्के निधी गेल्या वर्षी खरोखर खर्च झाला काय? जेथे आराखडा नव्याने होत आहे तेथे त्या ३० दिवसांत गरीब वस्तीतून हरकतींचे अर्ज जावेत. ते लिहून देण्याचे काम शाखेने अंगावर घ्यावे. झुडपी जंगलावरील घरांचे पुरावे आजपासून गोळा करावेत.

आणि मागण्या चार असाव्यात. निवासी क्षेत्रात जमीन आणताना वाढीव किमतीचा हिस्सा नगरपरिषदेच्या स्वतंत्र भूमी निधीत जमा व्हावा. आराखड्याबरोबर त्याच्या खर्चाचा तक्ता मंजूर केल्याशिवाय आराखडा पूर्ण मानू नये. खाणीचे व पूररेषेचे नकाशे आराखड्यात छापावेत. अनुसूचित क्षेत्रासाठी संसदेने नगरपालिकांचा कायदा करावा आणि तोपर्यंत त्या नगरपंचायतींत प्रभागसभेला ग्रामसभेचे अधिकार राहावेत.

समाजवादी चळवळीने जंगलावरचा हक्क मागितला, कसेल त्याची जमीन मागितली. शहराची जमीन मात्र तिने बराच काळ दुसऱ्यांच्या हवाली केली. आज जंगलातून उठलेला माणूस मजुरीसाठी या लहान शहरांतच येऊन राहत आहे. त्याला तेथे उभे राहावयास जागा मिळते की नाही, हे नगरपरिषदेच्या भिंतीवर टांगलेल्या एका नकाशात आणि फेब्रुवारीत अर्ध्या तासात मंजूर होणाऱ्या एका अर्थसंकल्पात ठरते. ते दोन्ही कागद लोकांसमोर वाचून दाखवण्याचे काम कोणत्याही मोर्चापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.